कारची बॅटरी किती वर्षं चालायला पाहिजे? (आमची पावणेतीन वर्षांतच बसली)

दुधनाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१२

मंडळी, गाडी पेट्रोलची, छोटी. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, २०२३ च्या एप्रिलमध्ये नवीकोरी टाकलेली. परवा सकाळी सातला शेतावर जायला निघालो, चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक-टक. डॅशबोर्डावरचे दिवे पेंगल्यासारखे मिचमिचले आणि विझले. शेजारची दोन पोरं बोलावून धक्का दिला तेव्हा सुरू झाली. महिन्यात ही दुसरी वेळ.

बॅटरीच्या दुकानात गेलो. त्यानं मीटर लावला नाही की झाकण उघडलं नाही. "कधीची हाय?" एवढंच विचारलं. सांगितलं. तर म्हणाला, "साहेब, आपल्या परभणीत तीन वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी. टाका नवीन." पुण्याचे दाजी फोनवर म्हणतात, "माझी सहावं वर्ष चालू आहे, तुम्हीच काहीतरी घोळ घालताय." दाजींचं बोलणं मी एरवी मनावर घेत नाही, पण यावेळी डोक्यात किडा वळवळायला लागला.

गाडीचं रनिंग कमी आहे. आठवड्यातून दोनदा शेत, एखादा बाजार. बाकी वेळ अंगणात लिंबाखाली उभी. तर प्रश्न असा, की आपल्याकडे बॅटरी किती टिकली तर ठीक म्हणायचं? आणि चार-साडेचार हजार घालायच्या आधी काही बघता येतं का?

---

धाराशिवकर_पाटील | ११ जानेवारी, रात्री ९:२६

साडेसहा वर्षं. कंपनीतून आलेली पहिलीच बॅटरी. आजवर पाणीसुद्धा घातलेलं नाही.

---

कापूसकोंड्या | ११ जानेवारी, रात्री ९:३१

पाटील, दृष्ट काढा तिची. मीठ-मोहऱ्या उतरवून बोनेटात टाका.

---

खडूफळा | ११ जानेवारी, रात्री ९:५५

लातूर. माझी सव्वादोन वर्षांत गेली. घर ते शाळा तीन किलोमीटर, रोज. मी तर गाडी एक दिवसही उभी ठेवत नाही, म्हणजे "वापर कमी" हे कारण मला लागू नाही. शाळेच्या मैदानात, सगळा दहावीचा वर्ग बघतोय, आणि मुख्याध्यापक बाईंची गाडी ढकलायला बारा पोरं. ढकलताना एकानं "गणपती बाप्पा" म्हटलं, बाकीच्यांनी "मोरया". त्या दिवसापासून माझं नाव काय पडलंय ते इथे लिहीत नाही.

---

ओममापक | ११ जानेवारी, रात्री १०:४०

दुधनाकाठ, दुकानदार पूर्ण खोटं बोलला नाही आणि दाजीही नाहीत. आपल्याकडे तीन ते चार वर्षं हे ठीकठाक आयुष्य. पाच झाली तर गाडीची ठेवण, वापर आणि नशीब तिन्ही चांगलं. दोनच्या आत गेली तर बॅटरीत दोष आहे किंवा गाडीत. पण तारीख विचारून बॅटरी बाद करणं म्हणजे वय विचारून माणसाला स्मशानात नेणं. आधी नाडी बघा.

साधा मल्टिमीटर तीन-चारशेत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी कशालाही हात न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरा. १२.६ किंवा वर म्हणजे पोट भरलेलं. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धं. १२ च्या खाली म्हणजे उपाशी. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकी दोन-सव्वादोनच्या मधला व्होल्ट. रात्रभर चार्ज करूनही साडेदहाच्या आसपास दाखवत असेल तर एक कप्पा मेला समजा, मग दुसरा इलाज नाही.

मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. सेल्फ फिरत असताना साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमलेली आहे. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. येत नसेल तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे, नवी बॅटरी टाकून ती पण महिन्यात बसेल.

---

उसाचा_रस | १२ जानेवारी, सकाळी ६:२०

मीटर-बिटर कशाला पायजे. गाडी चालू करायची, चालू गाडीत बॅटरीची एक वायर काढायची. गाडी बंद पडली तर डायनामो गेला, चालू राहिली तर बॅटरी गेली. आमच्या माजलगावात सगळे मेस्त्री असंच बघतात.

---

ओममापक | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

@उसाचा_रस, हात जोडतो, हे करू नका. जुन्या डायनामोच्या गाड्यांत चालून जायचं. आताच्या गाडीत चालू इंजिनावर बॅटरी तोडली की अल्टरनेटरचा व्होल्टेज एका झटक्यात उसळतो, तो अडवायला बॅटरीच नसते. तो जातो थेट कॉम्प्युटरवर. बॅटरी चार हजारांची, तो कॉम्प्युटर (ईसीएम) त्याच्या कितीतरी पट. वाळूजला आमच्याकडे अशी मेलेली गाडी आली की मी न विचारताच सांगतो, "वायर काढून बघितली ना?" माणूस खाली बघतो.

---

उसाचा_रस | १२ जानेवारी, सकाळी ७:११

ट्रॅक्टरला चालतंय ना पण?

---

ओममापक | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

ट्रॅक्टरलासुद्धा नको.

---

बस_आगार | १२ जानेवारी, सकाळी ९:४८

नमस्कार. मी एस.टी.च्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त, नांदेड. आमच्या वेळी दररोज हायड्रोमीटर (ॲसिड किती घट्ट ते दाखवणारं यंत्र) घेऊन बॅटऱ्या बघायच्या. काचेची नळी, वर रबरी फुगा. फुगा दाबून आतलं ॲसिड ओढायचं आणि तरंगणारी कांडी बघायची. बाराशे पन्नास ते बाराशे ऐंशी म्हणजे फुल. अकराशे पन्नासला आली की उचलून चार्जिंग रूममध्ये. सहा कप्प्यांपैकी पाच बाराशे पन्नास आणि एकच अकराशे दाखवत असेल तर तो कप्पा गेला, बॅटरी गेली. बसला २४ व्होल्ट लागतात, म्हणून दोन बॅटऱ्या जोडून. त्यातली एक नवी एक जुनी घातली की जुनी नवीला पण खाते, हा आमचा पाठ.

आता एक गोष्ट सांगतो, तुम्हाला उलटी वाटेल. बॅटरी बंद पडते डिसेंबर-जानेवारीत, म्हणून लोक म्हणतात थंडीनं गेली. ती मेलेली असते मे महिन्यातच. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४३. बोनेटाखाली, गाडी बंद केल्यावर अर्धा तास, हात ठेवून बघा. आतलं पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते, मसाला गळून तळाला बसतो. पण उन्हाळ्यात इंजिन तेल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, म्हणून अर्धमेली बॅटरी पण ढकलून नेते. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा उघडी पडते. परभणीला तर थंडी पण जोरात, पारा सहा-सातावर येतो. म्हणजे तुम्हाला दोन्हीकडून मार.

---

विनिपेगचा_जालनेकर | १२ जानेवारी, रात्री ८:३०

काका, मान ठेवून असहमत. आमच्याकडे इथे कॅनडात आज उणे २९ आहे. गाडीच्या समोरून विजेची वायर लोंबत असते, रात्रभर इंजिन गरम ठेवायला ती भिंतीतल्या प्लगला लावतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या आहेत. इथे बॅटऱ्या थंडीनंच मरतात, पटापट.

---

ओममापक | १२ जानेवारी, रात्री ९:०२

@विनिपेगचा_जालनेकर, तुमची बॅटरी थंडीत बेशुद्ध पडते, मरत नाही. शून्य अंशाला तिची ताकद साधारण दोन तृतीयांश उरते, उणे अठराला चाळीस टक्क्यांच्या आसपास. गरम खोलीत आणली की परत उभी राहते (उतरलेली असेल आणि आतलं पाणी गोठून डबा फुटला, तर मात्र गेली). ऊन तिला आतून कुजवतं, ते परत येत नाही. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. तुमची सरासरी बॅटरी आमच्यापेक्षा जास्त वर्षं चालत असणार. विचारून बघा.

---

विनिपेगचा_जालनेकर | १३ जानेवारी, पहाटे ५:४४

शेजाऱ्याला विचारलं. सात वर्षं. गप्प बसतो. जालन्यात माझ्या वडिलांच्या गाडीला दर तीन वर्षांनी लागायची, हे आत्ता आठवलं.

---

खडूफळा | १३ जानेवारी, दुपारी २:१५

मग माझं काय? रोज चालवते तरी सव्वादोन वर्षं!

---

ओममापक | १३ जानेवारी, दुपारी ३:०१

मॅडम, रोज तीन किलोमीटर हाच तुमचा रोग. सेल्फ मारायला लागतं ते फार नसतं, दीडशे अँपिअर पण दोन-तीन सेकंदच, मोकळ्या रस्त्यावर ते लवकर भरून निघतं. पण तुमचा रस्ता सगळा सिग्नल आणि रिक्षा, एसी चालू, पंखा चारवर. आयडलिंगला अल्टरनेटर एवढंच कमावतो की खर्च कसाबसा भागावा, बँकेत काही पडत नाही. बॅटरी कायम पाऊण भरलेली राहते. अशा अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, सुरुवातीला मऊ, नंतर तव्याच्या काजळीसारखा घट्ट. त्याला सल्फेशन म्हणतात. दर रविवारी एकदा औशापर्यंत जाऊन या, पन्नास-साठच्या वेगानं, परतीत एसी बंद.

---

खडूफळा | १३ जानेवारी, दुपारी ३:२०

घरी सांगितलं, "बॅटरीच्या तब्येतीसाठी दर रविवारी बाहेर जायचंय." सासूबाई म्हणाल्या, "मग औशापर्यंत कशाला, तुळजापूरच करून येऊ." मंजूर झालंय. आभारी आहे.

---

कापूसकोंड्या | १३ जानेवारी, दुपारी ३:२४

ओममापक, तुमच्यामुळे घरोघरी तीर्थयात्रा घडायलेत.

---

उसाचा_रस | १३ जानेवारी, रात्री १०:५०

आमच्याकडं बॅटरी उसामुळं जाते. हसू नका. हंगामात ट्रॅक्टरवर टेप पायजेच, दोन ट्रॉल्या ऊस मागं आणि पुढं चार स्पीकर. कारखान्याच्या गेटवर वजनकाट्याला रात्र-रात्र लाईन. इंजिन बंद आणि गाणी चालू. सकाळी आपला नंबर आला की सेल्फ घेईना. मागचे शिव्या घालायलेत, पुढचा ट्रॅक्टर गेलेला, आणि आपण साखळी शोधतोय. माझ्या चुलतभावानं दोन हंगामांत तीन बॅटऱ्या खाल्ल्या. दुकानदारानं शेवटी विचारलं, "ऊस वाहतो का वरात?"

---

निळाई | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

तिळगूळ घ्या सगळे. :)

अंबाजोगाईत रसायनशास्त्र शिकवते म्हणून एक सूचना. झाकण उघडून पाणी बघणार असाल तर जुने कपडे घाला. माझ्या नवऱ्याने एकदा चांगल्या सुती पँटवर हा उद्योग केला. थेंब उडाला, पुसला, काहीच दिसेना, म्हणाला "काही होत नाही." दोन दिवसांनी पँट धुऊन दोरीवर टाकली तर मांडीवर सात भोकं, वाटाण्याएवढी. गंधकाम्ल सुताला असंच खातं, धुतल्याशिवाय दाखवत नाही. डोळ्यांचं तर विचारूच नका, चष्मा लावा. जवळ विडी-काडी नको, चार्जिंगला हायड्रोजन निघतो.

पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल वॉटर. ॲसिड कधीही घालायचं नाही, ॲसिड उडत नाही, पाणीच उडतं. आणि कृपा करून बोअरचं किंवा घरच्या आरओचं घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हिटरच्या कॉइलवर काय थर बसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

बस_आगार | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई अगदी बरोबर. आणि काठोकाठ भरू नये, प्लेटा बुडून वर बोटभर पुरे. जास्त भरलं की तेच उसळून टर्मिनलवर येतं आणि हिरवा-पांढरा फुलोरा धरतो. तो फुलोरा खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातघासणीनं काढायचा, पुसायचं, वर व्हॅसलीन. निम्म्या "बॅटरी गेली"च्या तक्रारी एवढ्यानंच मिटायच्या. दुकानात जायच्या आधी टर्मिनल हातानं हलवून बघा, हललं तर तोच आजार.

---

खडूफळा | १४ जानेवारी, सकाळी १०:१०

डिस्टिल वॉटरवरून आठवलं. २०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. आमच्याकडे नळाला महिना-महिना पाणी नाही, आणि इन्व्हर्टरवाला येऊन म्हणतो, "मॅडम, बॅटरीत तीन लिटर पाणी लागेल." विकतच्या बाटल्या आणल्या. बॅटरीत ओतताना धाकटा मुलगा म्हणाला, "आई, त्यातलं थोडं ठेव ना." त्याला काय सांगणार, ते प्यायचं नसतं म्हणून!

---

दुधनाकाठ | १४ जानेवारी, रात्री ८:४५

वाचून हसू पण येतंय आणि घशात पण अडकतंय काहीतरी.

रिपोर्ट: मीटर आणला. टर्मिनल घट्ट आहेत, फुलोरा नाही. सकाळी ११.९. धक्का मारून सुरू केल्यावर १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक?

---

ओममापक | १४ जानेवारी, रात्री ९:१०

अल्टरनेटर ठीक. ११.९ म्हणजे कोणीतरी रात्री चोरून खातंय किंवा ती धरूनच ठेवत नाही. आधी बॅटरी काढून चार्जिंगला द्या, तीन-साडेतीन अँपिअरवर दहा-बारा तास, सावकाश. काढताना काळी वायर आधी, लावताना काळी शेवटी, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. तासाभरात "फुल" करून देतो म्हणणारा असेल तर तिथे देऊ नका.

परत लावताना गळती मोजा. सगळं बंद, दारं लॉक, अर्धा तास थांबा, आतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मग काळी वायर सोडवून ती आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या खाचेत. ०.०५ च्या आत आलं तर गाडी सज्जन. आणि मीटर मध्ये असताना चावी फिरवू नका.

---

धाराशिवकर_पाटील | १४ जानेवारी, रात्री ९:४०

एवढं करण्यापेक्षा नवी का टाकत नाहीत? वॉरंटी बघा की, चार वर्षांची असते.

---

कुंथलगिरी_पेढा | १४ जानेवारी, रात्री १०:३०

वॉरंटीचं माझ्याकडून ऐका. कार्डावर "२४ अधिक २४" लिहिलेलं असतं. पहिले २४ महिने गेली तर फुकट बदलून. पुढचे २४ महिने प्रो-राटा, म्हणजे वापरलेल्या महिन्यांप्रमाणे नवीवर सूट. सूट ऐकायला छान, पण ती छापील किमतीवर. बाजारात तीच बॅटरी कोणीच छापील किमतीला विकत नाही. मी ३१ व्या महिन्यात गेलो, हिशेब झाला, आणि शेजारच्या दुकानात जुनी देऊन नवी घेतली असती तर जेवढे लागले असते त्याच्यापेक्षा दीडशे रुपये कमी पडले. दीडशेसाठी चार दिवस फेऱ्या.

दुसरं, घेताना अंगावरची बनवल्याची तारीख बघा. मला एकदा आठ महिने दुकानात उन्हात पडलेली दिली होती, न वापरता पण ती आपोआप उतरते. आणि कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का समोर मारून घ्या.

---

निळाई | १५ जानेवारी, सकाळी ७:५०

जुनी मात्र दुकानातच द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाला दोन पैसे जास्त देतो, पण कुठेतरी नाल्याकाठी फोडून ॲसिड ओततात आणि चुलीवर शिसं वितळवतात. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर जातो, आणि मुलं तिथेच खेळत असतात.

---

कापूसकोंड्या | १५ जानेवारी, सकाळी ११:००

एक अडाणी प्रश्न. घरी इन्व्हर्टरची बॅटरी दणकट आहे, दीडशे अँपिअरची. ती गाडीला लावली तर? किंवा गाडीची इन्व्हर्टरला?

---

बस_आगार | १५ जानेवारी, सकाळी ११:४०

गाडीची बॅटरी पहिलवान. एका झटक्यात सगळा जोर लावते, मग तिला आराम आणि खुराक पाहिजे. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ. इन्व्हर्टरची बॅटरी वारकरी, जोर नाही पण दिवसभर चालत राहते. प्लेटा जाड. पहिलवानाला पैठण-पंढरपूर चालवलं तर तिसऱ्या मुक्कामाला झोपतो. गाडीची बॅटरी इन्व्हर्टरला लावून लोडशेडिंगमध्ये रोज पूर्ण उतरवली तर काही महिन्यांत संपते. आणि तुमची ती दीडशेची बोनेटाखाली बसवायची कुठे?

---

कापूसकोंड्या | १५ जानेवारी, सकाळी ११:४२

टपावर. लग्नातल्या ट्रॅक्टरसारखं.

---

गोदाघाट | १५ जानेवारी, रात्री ९:१५

माझी इलेक्ट्रिक कार आहे, म्हटलं आपण सुटलो. कसलं काय. तिच्यातही मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, कॉम्प्युटर आणि रिले तिच्यावर. ती बसली तर मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. पैठणला जायकवाडीच्या भिंतीजवळ हा अनुभव घेतला. लोक जमले, म्हणाले "चार्जिंग संपलं का?" मी म्हटलं नाही, भरपूर आहे. तिघांनी माझ्याकडे दयेनं बघितलं.

जंप देताना एका पोरानं वायर उलट्या लावायला घेतल्या होत्या, वेळेवर हात धरला. लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्याच्या अधिकला. काळी चांगल्याच्या उण्याला आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम.

---

दुधनाकाठ | १८ जानेवारी, रात्री १०:०५

रिपोर्ट २. आधी लाज सांगतो: मीटर मध्ये असताना सवयीनं दार उघडलं आणि चावीपण फिरवली. मीटरचा फ्यूज गेला. नवा टाकला.

चार्ज करून आणलेली बॅटरी, सगळं बंद, लॉक, अर्धा तास. आकडा ०.२६! एक-एक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना. शेवटी टॉर्च लावून बॅटरीच्या लाल टोकाकडे बघितलं तर कंपनीच्या जाड वायरीखाली एक बारीक वायर दाबलेली. ती माग काढत काढत आत गेलो, ती थेट टेपला. टेपच्या मागे लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून, चिकटपट्टी गुंडाळून, या वायरीला जोडलेल्या. म्हणजे चावी काढली तरी टेप अर्धा जागाच. ती सोडवली, आकडा ०.०३.

हिशेब केला. ०.२६ गुणिले २४, रोज सव्वासहा अँपिअर-अवर. ३५ ची बॅटरी चार दिवसांत गाडी सुरू न करण्याइतकी रिकामी. आणि माझी गाडी चार-चार दिवस उभीच!

---

ओममापक | १८ जानेवारी, रात्री १०:२०

पकडलात! शाबास. पण हे केलं कुणी? चावीशिवाय टेप चालावा म्हणूनच असं जोडतात.

---

दुधनाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:१५

अण्णांनी. माझे वडील, वय ७८. मी घरात विचारलं तर आई हसायला लागली. गेल्या दिवाळीत टेप बदलला तेव्हा अण्णांनीच टेपवाल्याला चहा पाजून सांगितलं होतं, "पोराला चावी मागायला नको." रोज पहाटे साडेपाचला उठतात, दार उघडतात, पुढच्या सीटवर बसतात, घोंगडी घेतात आणि आकाशवाणी परभणी लावतात. भक्तिगीतं, मग शेतीचं. तासभर. आम्ही उठायच्या आत परत. अडीच वर्षं नीट चाललेली बॅटरी अडीच महिन्यांत का बसायला लागली याचं उत्तर मिळालं.

---

उसाचा_रस | १८ जानेवारी, रात्री ११:२२

अण्णांना आमचा नमस्कार सांगा. आपल्याच पंथाचे निघाले.

---

बस_आगार | १९ जानेवारी, सकाळी ८:१०

छान शोध. आता मूळ प्रश्न. बॅटरी टाकू नका लगेच. चार्ज केल्यावर रात्रभरानं किती आणि सेल्फला किती?

---

दुधनाकाठ | १९ जानेवारी, सकाळी ९:००

काका, रात्रभरानं १२.५. सेल्फला १०.१.

---

बस_आगार | १९ जानेवारी, सकाळी ९:३५

मग अजून आहे तिच्यात जीव. पण वारंवार पूर्ण उतरली, त्याचा मार बसलेला आहे, फार वर्षं चालणार नाही. हा उन्हाळा जाऊ द्या. दसऱ्याला गाडी धुता, झेंडूचा हार घालता, त्याच दिवशी मीटर लावा. उन्हाळ्यानं काय खाल्लं ते तेव्हा कळतं आणि थंडी यायला अजून महिना-दीड महिना असतो. सेल्फला साडेनऊच्या आसपास घुटमळायला लागली तर तेव्हा नवी टाका. साडेतीन वर्षं झालेली असतील, आपल्या हवेत तिची तक्रार करायची नाही. दुकानदाराचं "तीन वर्षं" आणि दाजींची "सहा" यांच्या मधलंच आपलं.

आणि उभी करताना तोंड सावलीकडे करा, बोनेट उन्हात नको.

---

धाराशिवकर_पाटील | १९ जानेवारी, सकाळी १०:०२

या धाग्यामुळे मीटर आणला. माझी सेल्फला ९.३ दाखवते. कुणाला सांगू नका.

---

कापूसकोंड्या | १९ जानेवारी, सकाळी १०:०५

बरं. इथं फक्त सगळा मराठवाडा आणि विनिपेग वाचतंय.

---

खडूफळा | २५ जानेवारी, रात्री ८:३०

तुळजापूर झालं. दर्शनाला अडीच तास, बॅटरी १२.६. दुधनाकाठ, अण्णांच्या रेडिओचं काय केलंत? वायर तोडली म्हणजे त्यांची पहाट गेली की.

---

दुधनाकाठ | २५ जानेवारी, रात्री ९:१०

तीच काळजी होती. बाजारातून सेलवर चालणारा चांगला रेडिओ आणून दिला, उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुद्दाम उठून बघितलं, तर अण्णा खोलीत नाहीत. अंगणात गेलो. गाडीत पुढच्या सीटवर, घोंगडी गुंडाळून बसलेले, आणि नवा रेडिओ डॅशबोर्डावर ठेवून ऐकतायत.

---

ओममापक | २५ जानेवारी, रात्री ९:१८

दार नीट लावायला सांगा. अर्धवट राहिलं तर आतला दिवा जळत राहतो.